लाइनमनची पहिली दोन वर्षं

(उत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



कार्यवाहांनी व्याख्यानासाठी माझं नाव सुचवलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी तारांखाली उभा राहणारा माणूस. गणपतीसमोर बोलायला कुणी विद्वान बघा. ते म्हणाले, विद्वान काल झाले, उद्या पुन्हा आहेत. तुम्ही तुमच्या कामावर बोला, कारण दोन-तीन घरांत सध्या तोच विषय चालू आहे.

विषय असा आहे. आपल्या वस्तीतली तीन मुलं यंदा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडली. त्यातल्या एकाला ठेकेदाराकडे लाइन हेल्परचं काम मिळतंय, लगेच, पुढच्या सोमवारपासून. दुसरा रेल्वेच्या परीक्षेची वाट बघतोय. तिसऱ्याला लाइनचं काम करायचंय, पण आईचा सक्त विरोध आहे. तिघांचेही पालक इथे बसले आहेत. त्यांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: पाठवावं की नाही? मी तिघांनाही सांगितलं, व्याख्यानात सांगतो. त्यामुळे आज माझी सुटका नाही.

आधी थोडं आपल्या लोकांबद्दल. रागावू नका. आपल्या मराठी घरांत मुलगा काय करतो, या प्रश्नाच्या उत्तरात लाइनमन हा शब्द सहसा येत नाही. 'वीज कंपनीत आहे', 'रेल्वेत इलेक्ट्रिकलला आहे' असं मोघम सांगतात. लग्नाच्या बायोडेटात तर नुसतं 'टेक्निकल' लिहितात. जबलपूरला स्थिरावलेली आपली मंडळी कोणी शाळेत, कोणी रेल्वेत, कोणी गन कॅरेज आणि खमरियाच्या फॅक्टरीत, कोणी रामपूरच्या शक्ती भवनात. शक्ती भवनात टेबलाशी बसणारा जावई चालतो. त्याच भवनाची वीज खांबावर चढून सुरू करणारा मात्र चालत नाही. मी डिप्लोमावाला असल्यामुळे मला दोन्ही बाजू माहीत आहेत. डिप्लोमावाला म्हणजे मजुरांच्या दृष्टीने साहेब आणि साहेबांच्या दृष्टीने मिस्त्री. दोघांच्या मधे उभं राहिलं की दोन्हीकडचं ऐकू येतं.

मी मूळचा खानदेशातला. 2000 साली इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला, मग एक वर्ष तिकडे एका वीज उपविभागात अप्रेंटिस होतो. पुढे रेल्वे भरती बोर्डाची परीक्षा देऊन ज्युनियर इंजिनियर झालो आणि इटारसीच्या ओएचई डेपोत रुजू झालो. ओएचई म्हणजे रुळांवरची जी तार तुम्ही रोज बघता ती सगळी व्यवस्था. मी स्वतः लाइनमन म्हणून भरती झालेलो नाही, हे आधीच सांगतो. पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सगळे लाइनमन होते, आणि आज ज्यांच्या कामावर मी सही करतो तेही लाइनमन आहेत. त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आता हे काम कुठून आलं ते थोडक्यात. आपल्या देशात विजेवरची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला धावली. ती 1500 व्होल्ट डीसीवर होती. चार-पाच वर्षांत घाट चढून ती वीज पुण्याकडे आणि इगतपुरीकडे गेली. स्वातंत्र्यानंतर, 1957 साली, रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने 25,000 व्होल्ट एसीचा निर्णय घेतला आणि पुढचं सगळं त्यावर झालं. आपल्या पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय जबलपूरला झालं 2003 साली. तेव्हा इटारसी-भोपाळकडे तारा होत्या, पण खुद्द मुख्यालयाच्या गावात इटारसी-कटनी मुख्य मार्गावर डिझेलच चालत होतं. आम्ही इटारसीवाले त्यावरून जबलपूरच्या लोकांना चिडवायचो. नंतर खांब आले, तारा आल्या, आणि मार्च 2021 मध्ये आपला झोन देशातला पहिला पूर्ण विद्युतीकरण झालेला झोन ठरला. आता देशातलं जवळजवळ सगळं ब्रॉडगेज तारेखाली आलंय.

हे सांगण्याचं कारण आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत खांब उभे करायचं आणि तारा ओढायचं प्रचंड काम होतं, आणि ठेकेदारांना माणसं हवी होती. ते काम आता ओसरलंय. पण जेवढी तार ओढली तेवढी आता सांभाळायची आहे, रोज, पुढची पन्नास वर्षं. म्हणून मुलांना मी म्हणतो, नुसता खड्डा खणणारा आणि तार ओढणारा होऊ नका. तपासणी आणि दुरुस्ती शिका. वीज कंपनीतही तेच आहे. नवे खांब एकदाच लागतात. वादळात पडलेले, डीपीवर जळलेले, झाडाने ओढलेले मात्र दर पावसाळ्यात असतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत खांब हजारोंनी आडवे झाले होते. ते उभे करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून लाइनमनच्या टोळ्या गेल्या. तोही लॉकडाऊनच्या दिवसांत.

आता मूळ मुद्दा. नवा मुलगा डेपोत आला की पहिले सहा महिने काय करतो? त्याला वाटतं, आपल्याला खांबावर चढवतील. कोणी चढवत नाही. तो शिडी वाहतो, दोर वाहतो, चहा आणतो. आणि हे सगळं करता करता तो तीन गोष्टी शिकतो. एक म्हणजे गाठी. दोराला कुठली गाठ सरकते आणि कुठली आवळत जाते, हे हाताला डोळे मिटून कळलं पाहिजे, कारण वर कंबरेचा पट्टा आणि खालचा पुली ब्लॉक त्याच गाठींवर असतात. दुसरं म्हणजे खांबाचा नंबर. रेल्वेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्यापुढे क्रमांक लिहिलेला असतो. रात्री अडीच वाजता पावसात उभं राहून फोनवर तो नंबर बिनचूक सांगता आला पाहिजे. एका आकड्याची चूक झाली तर वीज बंद होते भलत्या तुकड्यात आणि माणूस उभा राहतो चालू तारेखाली. तिसरी गोष्ट म्हणजे थांबणं. तरुण मुलाला सगळ्यात अवघड ती वाटते. ब्लॉक मिळेपर्यंत दोन-दोन तास रुळाशेजारी बसून राहायचं आणि मिळाला की पंचेचाळीस मिनिटांत काम उरकायचं.

ब्लॉक म्हणजे काय, तेही सांगतो, घरातल्या मंडळींना कळेल अशा भाषेत. रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. घरात असतात 230. या तारेला हात लावायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी ती झेप घेते. म्हणून चालू तारेपासून दोन मीटर लांब राहायचं असा आमचा नियम आहे. गाडीच्या टपावर चढून फोटो काढणारी मुलं जळतात ती यामुळेच. त्यांनी बहुतेक वेळा तारेला हात लावलेला नसतो. तर काम करायचं असेल तेव्हा आमचा सुपरवायझर कंट्रोल रूमशी बोलतो. तिथे बसलेला ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर तेवढ्या तुकड्याची वीज तोडतो आणि तसा लेखी परवाना, म्हणजे परमिट, नंबरासकट देतो. दोन्ही बाजू नंबर लिहून घेतात, वेळ लिहून घेतात. स्टेशन मास्तर तिकडे गाडी सोडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वीज बंद झाली, परमिट हातात आलं, चढा. नाही. इथेच नव्या मुलाचं खरं शिक्षण सुरू होतं. बंद केलेली तार आणि सुरक्षित तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन रुळांच्या मार्गावर एका बाजूची तार बंद केली तरी शेजारची चालू असते, आणि तिच्या प्रभावाने या बंद तारेतही माणूस मरेल एवढा दाब उभा राहतो. कुठेही जोडलेली नसताना. आमच्या खात्यात याला इंडक्शन म्हणतात. म्हणून आम्ही तारेला अर्थिंगचा रॉड लावतो, ज्याला सगळे डिस्चार्ज रॉड म्हणतात. लांब इन्सुलेटेड काठी, टोकाला आकडा, आणि खाली जाड लवचिक केबल. केबलचं टोक आधी रुळाला किंवा खांबाच्या अर्थला घट्ट आवळायचं, मगच आकडा तारेवर टाकायचा. काढताना उलट: आधी तारेवरून, मग रुळावरून. हा क्रम चुकला तर काठी हातात असलेला माणूसच अर्थिंग बनतो. आणि रॉड एक लावून भागत नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना लावायचा, म्हणजे वीज कुठूनही आली तरी माणसापर्यंत पोचायच्या आत जमिनीत जाते.

इटारसीला आमच्या डेपोत एक जुने मिस्त्री होते. खलाशी म्हणून लागलेले, तीस वर्षं लाइनवर काढलेली. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मी वयाने त्यांच्या मुलासारखा, पण हुद्द्याने साहेब, म्हणून मला ते 'साहब' म्हणत आणि शिकवत मात्र मुलासारखंच. पहिल्याच आठवड्यात मी परमिटचा कागद घेऊन उभा होतो. ते म्हणाले, "साहब, कागज जेब में रखो. दोनों तरफ रॉड लगी कि नहीं, पैदल जाके देख के आओ." तीनशे मीटर एका बाजूला, तेवढंच दुसऱ्या बाजूला, मे महिन्याच्या उन्हात. मी गेलो. पुढच्या दिवशी पुन्हा गेलो. नंतर कधी त्यांनी सांगावं लागलं नाही. आज माझ्या हाताखालची पोरं मला म्हणतात, सर, बोललो ना लावलाय म्हणून. मी तरी चालत जातो. कुरकुर करतात, करू देत.

वीज कंपनीच्या लाइनवर धोका वेगळ्या तऱ्हेचा आहे, आणि माझ्या मते जास्त आहे. रेल्वेची तार आमच्याच ताब्यात असते. 11 केव्हीची गावातली लाइन मात्र सगळ्यांच्या दारातून जाते. एकाच खांबावर कधी दोन फीडर असतात. वरचा बंद केलेला असतो, खालचा चालू. शेतात कोणी आकडा टाकलेला असतो. झाडाची फांदी टेकलेली असते. आणि सगळ्यात वाईट, जनरेटर.

अप्रेंटिसच्या वर्षात मी हे पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही, ठेकेदाराचंही नाही. लग्नसराईचे दिवस होते. 11 केव्हीच्या खांबावर जंपर तुटला होता. सबस्टेशनवरून फीडर बंद केला होता, खात्री करून. ठेकेदाराचा हेल्पर वर चढला, विशीतला मुलगा. डिस्चार्ज रॉड होता, पण तो जीपमध्ये होता, कारण काम पाच मिनिटांचं होतं. खाली गावात लाइट गेली म्हणून लग्नघरी जनरेटर चालू केला. जनरेटर जोडणाऱ्याने मेन स्विच पाडला नव्हता. मग काय होतं बघा. डीपी जी असते, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, ती 11,000 व्होल्टचे 400 करून आपल्याला देते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. तुम्ही खालून 400 घातले तर तो वर 11,000 करून देतो. लग्नघरातली वीज सर्व्हिस वायरमधून उलटी डीपीत गेली आणि डीपीतून वर, त्या मुलाच्या हातात.

तो वाचला. उजवा हात कोपराखाली गेला. पट्टा होता म्हणून पडला नाही. आम्ही त्याला खाली घेतला तेव्हा लग्नाचा बँड वाजत होता. तिथल्या कोणाला काही कळलेलंच नव्हतं. त्यांना दोष तरी काय देणार, त्यांना वाटलं आपला जनरेटर, आपली वीज.

पुढचा भाग मला जास्त बोचतो. त्या मुलाचं नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर नव्हतं. सात महिने तो काम करत होता आणि पगार हातात रोख मिळत होता. अपघात झाल्यावर ठेकेदार म्हणाला, हा माझा माणूसच नाही, गावातला पोरगा, हौसेने चढला. नुकसानभरपाईचा कायदा तेव्हाही होता, 1923 पासून होता. पण त्यासाठी हा माणूस कामावर होता हे आधी कागदावर दिसावं लागतं. त्याचे वडील दीड-दोन वर्षं चकरा मारत राहिले. शेवटी काय मिळालं ते मला कळलं नाही, मी तोवर रेल्वेत आलो होतो.

आता पाठवावं की नाही, त्यावर येतो.

माझं उत्तर हो असं आहे. पण कुठे आणि कोणाकडे, यावर ते बदलतं. तीन वाटा आहेत आणि त्या सारख्या नाहीत.

रेल्वेत यायचं तर दहावीवर किंवा आयटीआयवर लेव्हल वनची भरती आहे, ज्याला लोक अजून ग्रुप डी म्हणतात. सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतन 18,000 धरलेलं आहे. टेक्निशियन ग्रेड तीन थेट लागलात तर 19,900, आणि डिप्लोमावर ज्युनियर इंजिनियर 35,400. वर भत्ते वेगळे. लेव्हल वनला लेखी परीक्षेनंतर अंगाची परीक्षा असते. मुलांना 35 किलो वजन उचलून 100 मीटर दोन मिनिटांत, वजन खाली न ठेवता, आणि 1000 मीटर सव्वाचार मिनिटांत धावायचं. मुलींना 20 किलो, आणि धावायला पाच मिनिटं चाळीस सेकंद. दरवर्षी कितीतरी पोरं लेखी पास होऊन इथे गळतात. तिलवाऱ्याचा घाट रोज पायऱ्यांनी चढणाऱ्या पोरांनी गळायचं काही कारण नाही, पण आतापासून धावायला लागा. डोळे तपासतात, रंग ओळखता येतात का तेही बघतात. आणि अप्रेंटिसशिप सोडू नका. स्टायपेंड कमी आहे म्हणून मुलं ती टाळतात. रेल्वेतली अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल वनच्या 20 टक्के जागा राखून ठेवतात, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नाही. एकदा आत आल्यावर हेल्परचा टेक्निशियन होतो, पुढे सीनियर टेक्निशियन, आणि परीक्षा देऊन ज्युनियर इंजिनियर. माझ्याच डेपोतला एक जण खलाशी म्हणून लागला आणि आज माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो. त्याला तारांमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी त्याच्यासमोर कबूल करत नाही.

दुसरी वाट वीज कंपनीची. महाराष्ट्रात नातेवाईक असतील त्यांना विद्युत सहाय्यक हा शब्द माहीत असेल. महावितरणात दहावी आणि आयटीआयवर घेतात, तीन वर्षं कंत्राटी, ठरलेलं मानधन, आणि काम नीट असेल तर मग तंत्रज्ञ. तिकडे लाइनमनला आता जनमित्र म्हणतात. नाव छान आहे. लोक मात्र लाइट गेली की पूर्वी द्यायचे त्याच शिव्या देतात. आपल्याकडे वीज मंडळाच्या 2005 साली कंपन्या झाल्या, आणि आपल्या पूर्व क्षेत्राच्या कंपनीचं कार्यालय इथेच आहे. इथे लाइन परिचारकाच्या जागा निघतात, संविदावर. जाहिरात आली की भरा, मागे राहू नका.

तिसरी वाट ठेकेदाराची, आणि पुढच्या सोमवारचा प्रश्न तिचाच आहे. मी ठेकेदारांच्या विरुद्ध नाही. निम्मं काम तेच करतात आणि काही फार चांगले आहेत. पण त्या मुलाच्या वडिलांना मी हात जोडून सांगतो, सोमवारी मुलाबरोबर स्वतः जा आणि पगाराच्या आधी बाकीचं विचारा. मुलाचं नाव हजेरीपटावर पहिल्या दिवसापासून येणार का? पगार बँकेत येणार का, पीएफ आणि ईएसआयचा नंबर मिळणार का? हेल्मेट, पट्टा, हातमोजे, डिस्चार्ज रॉड प्रत्येक टोळीकडे आहेत का, आणि ते दाखवा. दाखवा म्हणा, आहेत या शब्दावर येऊ नका. परमिट कोणाच्या नावावर निघतं, आणि ते घेणारा माणूस कामाच्या जागी हजर असतो की फोनवर? या शेवटच्या प्रश्नाला ठेकेदार हसला किंवा वैतागला, तर मुलाला परत घेऊन या. घरी बसला तरी चालेल. सहा महिने उशिरा नोकरी लागली म्हणून कोणाचं आयुष्य थांबत नाही.

मुलालाही एक सांगतो. विसाव्या वर्षी तुला वर चढ म्हणणारा माणूस तुझ्या दुप्पट वयाचा असेल, आणि रॉड कुठे आहे असं त्याला विचारणं जिवावर येईल. तरी विचार. पहिल्यांदा तो शिवी देईल. दुसऱ्यांदा रॉड घेऊन येईल. मी हे कितीदा बघितलंय.

तिसऱ्या मुलाच्या आईंना काय सांगू? वहिनी, तुमची भीती खोटी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा बहुतेक सालांत बारा हजारांच्या वर असतो. पण त्यात लाइनवाले थोडे. घरातला ओला हात, शेतातला पंप, वाळत घातलेल्या कपड्यांची तार, हे बरेच. माणसाचं हृदय बंद पाडायला किती करंट लागतो, याचा अंदाज देतो. जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब जेवढा करंट घेतो, त्याच्या चौथ्या हिश्शाने माणूस मरू शकतो. म्हणजे जीव घेणारा धोका 25,000 व्होल्टला आहे तसा तुमच्या ओट्यावरच्या मिक्सरलाही आहे. फरक एवढाच की माझ्या डेपोतला माणूस त्याला घाबरून वागतो आणि आपण मिक्सरला घाबरत नाही. शिकलेला, कागदावर असलेला, रॉड लावून चढणारा लाइनमन निवृत्त होतो, पेन्शन घेतो, नातवंडं खेळवतो. दादा आत्ता तेच करताहेत, होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला. तुमचा मुलगा सावध आहे की उतावळा, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. उतावळा असेल तर मात्र तुमचं बरोबर आहे, त्याला दुकानात बसवा. हे मी थट्टेने म्हणत नाही.

आणि मुलींच्या बाबतीत. मघापासून मी मुलगा मुलगा म्हणतोय, तर मागच्या रांगेतून एक-दोघी बघताहेत. तेलंगणात ज्युनियर लाइनमनच्या परीक्षेत खांबावर चढून दाखवावं लागतं, आणि तिथे मुलींना अर्जच भरू देत नव्हते. काही मुली उच्च न्यायालयात गेल्या, परवानगी आणली, खांबावर चढल्या आणि नोकरीला लागल्या. ही 2020-21 च्या सुमाराची गोष्ट. महाराष्ट्रातही मुली खांबावर चढून काम करताहेत. त्यामुळे आयटीआयचा फॉर्म घरात आला तर तो फक्त भावापुढे ठेवू नका.

एवढं सगळं सांगितल्यावर आता आपल्या मंडपाकडे वळतो, कारण लाइनमनचा जीव आपल्याही हातात असतो. परवा पाऊस झाला आणि आरतीच्या वेळी लाइट गेली. दोन मिनिटांत आपला जनरेटर सुरू झाला, टाळ्या वाजल्या. त्याच वेळी तिकडे पुलाच्या बाजूला कोणीतरी खांबावर चढलेलं असणार. मी उठून मागे गेलो आणि बघितलं. चेंजओव्हर स्विच लावलेला आहे, चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. कंपनीची वीज आणि जनरेटरची वीज एकत्र येऊच शकत नाही. आपल्या इलेक्ट्रिशियन काकांचं त्याबद्दल जाहीर अभिनंदन करतो, कारण रोषणाईचं कौतुक सगळे करतात, या स्विचचं कोणी करत नाही. मात्र वस्तीतल्या ज्या घरांत छोटे जनरेटर आहेत, आणि सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर खुपसून जे घर उजळवतात, त्यांनी ती वायर आज रात्री कापून टाकावी. ज्यांना कापवत नसेल त्यांनी मला बोलवावं, मी पक्कड घेऊन येतो.

मंडपाच्या लोखंडी खांबांना अर्थिंग आहे, पण गळती पकडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नाही. तो उद्या बसवून घ्या. फार खर्चाची वस्तू नाही. लहान मुलं ओल्या पायांनी त्या खांबांना धरून उभी असतात.

विसर्जनाच्या दिवशीची एक सूचना. आपली मूर्ती यंदा उंच आहे, त्यावर छत्र, त्यावर झेंडा. मार्गात 11 केव्हीच्या तारा दोन ठिकाणी रस्ता ओलांडतात. बांबूने तारा उचलायला ट्रॉलीवर कोणी चढायचं नाही. ओला बांबू वीज वाहून आणतो, तो लाकूड आहे म्हणून फसू नका. समितीने वीज कंपनीला मार्ग आणि वेळ लेखी कळवावी, ते तेवढा वेळ फीडर बंद करतात, दरवर्षी कितीतरी मंडळांसाठी करतात. ज्या मंडळांची मिरवणूक रेल्वे फाटकातून जाते, त्यांनी फाटकाअलीकडचा आडवा उंचीमापक बघावा. तो 4.67 मीटरवर असतो. त्याखालून छत्र जात नसेल तर छत्र उतरवायचं, मापक वाकवायचा नाही. तिथे फाटकवाल्याशी वाद घालणारे कार्यकर्ते मी बघितले आहेत. तो बिचारा तुमचाच जीव वाचवत असतो.

आणि तारा तुटून पडलेली दिसली तर जवळ जायचं नाही, मग ती ठिणग्या टाकत असो वा मुकाट पडलेली असो. आजूबाजूची जमीनही जिवंत असते. तुम्ही आधीच जवळ असाल तर लांब पावलं न टाकता दोन्ही पाय जोडून, छोट्या उड्या मारत बाहेर या. दिसायला हसू येतं. येऊ दे.

वेळ संपत आली, कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. ज्यांना रेल्वेचे आणि कंपनीचे फॉर्म, अप्रेंटिसची माहिती हवी आहे, त्यांनी प्रसादानंतर थांबावं. मागच्या जाहिरातींच्या प्रती मी आणल्या आहेत, वीसेक असतील, कमी पडल्या तर कोपऱ्यावरच्या दुकानातून काढून घेऊ. सोमवारी ठेकेदाराकडे जाणाऱ्या बापलेकांनी मला आदल्या रात्री फोन करावा. सकाळी सातला माझी ड्युटी सुरू होते, त्याआधी मीही त्यांच्याबरोबर येऊ शकतो.

गणपती बाप्पा मोरया!